तानीआत्याच्या ईकारान्त पोरी

शाळेत तिसरीच्या मुलींना मी पाढे म्हणायला लावले होते. तेवढ्यात सिद्राम, माझा धाकटा भाऊ, वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. मुलींच्या शाळेत यायला तो लाजतो, एरवी फाटकाशीच थांबून शिपायाबरोबर निरोप धाडतो. त्या दिवशी तो थेट दारात आला आणि म्हणाला, "आक्का, तानीआत्या गेली." मुली पाढे म्हणतच राहिल्या. त्यांना थांबवायचं मला सुचलं नाही आणि मास्तरणीनं थांबा म्हटल्याशिवाय थांबायचं नसतं हे त्यांना पक्कं ठाऊक. सबंध पाढा संपेपर्यंत आम्ही दोघं तसेच एकमेकांकडे बघत उभे होतो...

त्याच्या आधीच्या आठवड्यातच मी अक्कलकोटला तिला भेटून आले होते. ताप उतरत नव्हता, अंगात त्राण नव्हतं, पण मला बघितल्याबरोबर तिनं पहिली बातमी दिली ती संस्थानच्या दवाखान्यातल्या नव्या नर्सबाईची. "मेरी नाव हाय तिचं. कुनी ठेवलं म्हनून इचारलं, तर म्हनली पाद्रीबाबांनी. आता बघ गोदे, साहेबाच्या मुलखात बी पोरींना शेतातनंच हाक मारत असतील न्हवं?" एवढं बोलून ती दमली, पण डोळे हसत होते. घरात इतर बायका होत्या, त्यांना वाटलं म्हातारी वातात बरळते आहे. मला मात्र ती अगदी शुद्धीवर आहे याची खूण पटली. हे बोलणं कळायला आत्या कळायला हवी, म्हणून मुळापासून सांगते.

तानीआत्या ही आमच्या आप्पांची एकुलती एक बहीण. आमचं मूळ घर सांगोल्याकडचं, मेंढरं राखणारं. आप्पा सोलापूरच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, लागले आणि आज्जीसकट सगळे चाळीत राहायला आले. आत्या त्याआधीच अक्कलकोटला दिली होती. मठाकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिचं आणि मामांचं, म्हणजे तिच्या यजमानांचं, नारळ-खडीसाखरेचं दुकान होतं. मूलबाळ झालं नाही. मामा मुलखाचे अबोल आणि आत्या मुलखाची चौकस, त्यामुळे दुकानात बोलायचं काम तिच्याकडे आणि नारळ निवडायचं मामांकडे अशी वाटणीच होती. दर्शनाला येणारी माणसं चहूकडची. कडेवर तान्ही पोर दिसली की आत्याचा हात खडीसाखरेच्या बरणीत जायचा आणि तोंडातून तीन प्रश्न निघायचे, "पोरीचं नाव काय? कुनी ठेवलं? आन् का?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर सगळे देत. दुसऱ्याला जरा आठवावं लागे. तिसऱ्याला बहुतेक माणसं गोंधळून हसत. पण ज्याला सांगता येई त्याच्या पोरीच्या हातात खडा मोठा पडायचा.

हे वेड तिला लागलं कसं, ते तिनं मला हसत हसत सांगितलं होतं. ती जन्मली ती दुष्काळात. बारशाला घुगऱ्या करायलासुद्धा घरात दाणा नव्हता. पुढं बघू, पाऊस झाल्यावर बघू, असं करता करता तान्ही तान्ही म्हणून हाक मारत राहिले आणि त्याचंच तानी झालं. "माझं नाव कुनी ठेवलंच न्हाय," ती म्हणायची, "ते आपलं आपनच राह्यलं." यात तिला दुःख होतं असं मला तरी कधी वाटलं नाही. पण ज्यांचं नाव कुणी बसून, विचार करून, पाळण्याशी उभं राहून ठेवलं, त्यांच्याविषयी तिला फार कुतूहल होतं.

मुलींच्या नावांच्या शेवटी ई फार येते, हे तिचं तिलाच उमगलेलं. काशी, तुळशी, गोदी, भागी, रखमी, नवशी, दिवाळी, बुधी... मी शाळेत शिकले तेव्हा तिला ईकारान्त हा शब्द सांगितला. तो तिला इतका आवडला की गिऱ्हाइकांनाही ती बजावू लागली, "तुमची पोरगी ईकारान्त हाय बरं का!" आणि माणसं आपल्या लेकीला काही झालंय की काय अशा चेहऱ्यानं तिच्याकडे बघत. एका काशीची गोष्ट ती फार रंगवून सांगायची. त्या पोरीच्या आजोबांना काशीला जायचं होतं, जन्मभर जमलं नाही, शेवटी नात झाली तिचंच नाव काशी ठेवलं आणि म्हातारा ओसरीवर बसून दिवसभर काशी काशी करत समाधानानं गेला. दोन धोंडी तिच्या ओळखीच्या होत्या. एक धोंड्याच्या महिन्यात जन्मलेली. दुसरीच्या आधीची भावंडं जगली नव्हती, मग हिला दगडच म्हणू, म्हणजे मरण हिच्याकडे बघायचं नाही, म्हणून ती धोंडी. नाव एकच, पण एकीच्या मागं पंचांग आणि दुसरीच्या मागं भीती. म्हणून तिसरा प्रश्न विचारायचा, असं आत्या म्हणे. आणि एक हौशी होती, तीन मुलग्यांच्या पाठीवर झालेली. "त्या घराला पोरगी हवी होती बघ," हे सांगताना आत्याचा चेहरा असा खुलायचा की जणू तिलाच हवी म्हटलंय.

अक्कलकोटात कानडी घरोघर. तिथं तिला कळलं की कल्लव्वा म्हणजेही दगडच, तिप्पव्वा म्हणजे उकिरड्यावरची आणि साकव्वा म्हणजे पुरे झाल्या. शेजारच्या हुसेनबीनं सांगितलं, "हमारे में बी ऐसाच है, कचराबी बोलते." आत्या कित्येक दिवस त्या आनंदात होती. माणसं वेगळ्या देवाला हात जोडतात, वेगळ्या बोलीत भांडतात, पण मरणाला फसवायची युक्ती मात्र सगळ्यांनी एकच शोधून काढली, याची तिला मोठी गंमत वाटली. आमच्या चाळीत शेजारी तेलुगू विणकर होते. त्यांची नरसम्मा माझ्या बरोबरीची. अम्मा म्हणजे आई हे कळल्यावर आत्यानं कपाळाला हात लावला. "आरं देवा! जलमली की लगीच तिला आई म्हनायचं? तिला जरा खेळू तरी द्या की!"

ई का येते, याचा शोधही तिनं लावला होता. मी लहान असताना अक्कलकोटला तिनं मला गावाबाहेरच्या रानाच्या पार पलीकडच्या बांधावर उभं केलं आणि इकडून हाका मारल्या. आधी गोदा, मग गोदी. कुठली नीट ऐकू आली म्हणून विचारलं. मी खरं सांगितलं, गोदी. "बघ, तोंड लांब केलं की हाक लांब जाती," ती म्हणाली. पोरी गुरांमागं, सरपणाला, विहिरीवर, म्हणून त्यांना ई लागते, असा तिचा निवाडा होता. तो बरोबर की चूक ते पंडितांनी ठरवावं. मला अजून तरी त्याहून चांगला कुणी सांगितलेला नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले ती सांगते. माझ्या पाठीवर दोन मुली झाल्या आणि मग चौथीही मुलगीच झाली. मी तेव्हा आठेक वर्षांची असेन. आज्जीनं पोरीचं तोंड बघितलं आणि त्याच दिवशी जाहीर केलं, हिचं नाव नकुशी. आमच्याकडं हा रिवाज जुना आहे. मुलींवर मुली झाल्या की शेवटचीला नकुशी म्हणायचं, म्हणजे देवाला कळतं की मुली नकोत, आणि पुढचा मुलगा होतो. आज्जी दुष्ट नव्हती, हे मी आवर्जून लिहिते. आम्हा चौघींना न्हाऊमाखू तिनंच घातलं, आमच्या दुखण्यात तीच उशाशी बसायची. पण आप्पा एकटे, गिरणीतली नोकरी, पुढं कोण, ही काळजी तिला खात होती आणि काळजीवर तिला एवढं एकच औषध माहीत होतं.

बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. एकच आत्या, तेव्हा ती आली. चाळीच्या खोलीत कडीला पाळणा टांगला होता, बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या, घुगऱ्यांचा वास सुटला होता. आज्जीनं तिला बाजूला घेऊन नाव सांगितलेलं मी ऐकलं. बाळाला पाळण्याच्या वरून खालून फिरवून झालं, बायकांनी पाळणा म्हटला, आत्या वाकली आणि कुर्र करून तिनं कानात काहीतरी सांगितलं. मग उभी राहून मोठ्यानं म्हणाली, "आवडी!"

नाव सांगितल्यावर बायकांनी आत्याच्या पाठीत हसत हसत धपाटे घालायचे, ही पद्धत. हात उचलले गेले होते ते तसेच राहिले. आज्जी म्हणाली, "नकुशी. तिची जीभ घसरली."

"न्हाय आये," आत्या म्हणाली, "घसरली न्हाय. दारावर आलेल्या भिकाऱ्याला बी आपन नको म्हनत न्हाय, पुढं जा म्हनतो. पोरीला जलमभर नको म्हनून हाक मारायची व्हय?"

"तुला पोर न्हाय, तुला काय कळतंय त्यातलं?" आज्जीच्या तोंडून निघून गेलं.

निघून गेलं ते गेलंच. आत्या न जेवता अक्कलकोटला परत गेली. त्या वर्षी नागपंचमीला तिला आणायला आमच्याकडून मुराळी गेला नाही. पुढच्या वर्षीही नाही. आप्पा आईच्या शब्दाबाहेर जाणारे नव्हते. घरात तिचा विषय निघाला तर आज्जी तानी म्हणायची नाही, "ती अक्कलकोटची" म्हणायची. नकुशी हे नाव घरात रुजत गेलं आणि आत्याचं माहेर तुटत गेलं. हे नाव घरातून जाईल तेव्हाच आत्या घरात येईल, हे लहान असूनही मला स्वच्छ कळत होतं. आणि नाव जायचं काही चिन्ह दिसत नव्हतं.

मग सिद्राम झाला! चाळीत साखर वाटली. आज्जी ज्याला त्याला सांगत सुटली, नावाचा गुण आला बघा. पण मुलाच्या बारशाला आत्या हवीच. दुसरी कुठून आणणार? नाइलाजानं आप्पा स्वतः अक्कलकोटला गेले आणि तिला घेऊन आले. ती पाळण्याशी उभी राहिली, बायका जमल्या, पाळणा म्हणून झाला, तरी ती वाकेना.

"आदी पोरीचं," ती म्हणाली. "मग पोराचं."

"पोरीचं काय आता?" आज्जी.

"नकुशी नावाला तुमी एक काम सांगितलं. त्यानं ते केलं. पोरगा झाला. व्हय का न्हाय?"

"व्हय."

"मग आता सुट्टी द्या त्याला. काम संपलेलं नाव घरात ठेवू नये, आये. त्याला नको म्हनायची सवय लागलेली. उद्या ते कुनाला नको म्हनंल, काय सांगावं?" आणि तिनं सिद्रामकडे नुसतं बघितलं.

हे तिनं ठरवून केलं होतं, आज्जीच्याच समजुतीनं आज्जीला बांधलं होतं. आज्जीचा रंग उतरला. घुगऱ्या गार होत होत्या, बायका चुळबुळत होत्या. शेवटी आज्जी पुटपुटली, "काय करायचं ते कर." सिद्रामला आईच्या मांडीवर दिलं आणि चार वर्षांच्या नकुशीला उचलून पाळण्यात बसवलं. पाय बाहेर लोंबत होते. हसून हसून बायकांची पुरेवाट झाली. आत्या वाकली, कुर्र केलं, कानात सांगितलं, आणि मोठ्यानं म्हणणार तेवढ्यात ती चिमुरडीच ओरडली, "मी न्हाय आवडी! मी नकुशी!"

बायका आणखी हसल्या. आत्या हसली नाही. पाळण्याशी खाली बसली आणि तिनं खरोखरच जाणून घ्यायचंय अशा आवाजात विचारलं, "का गं?"

"आई नकुशे म्हनती नि मला जवळ घेती."

आत्या म्हणाली, "हे मला ठाव नव्हतं." इतकी वर्षं तिनं तीन प्रश्न विचारले होते. नाव काय, कुणी ठेवलं, का ठेवलं. त्या नावानं हाक कोण मारतं आणि कशी मारतं, हे विचारायचं तिला सुचलं नव्हतं. ती उठली, पोरीला पाळण्यातून खाली उतरवलं आणि सगळ्यांना म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. नाव तिचं हाय. तिला इचारल्याबिगर बदलू नका." मग सिद्रामच्या कानात सिद्राम सांगितलं. आज्जी जिंकल्यासारखी बसली होती. आत्या जेवली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत गेली. पुढच्या पंचमीला मुराळी गेला नाही.

नकुशीला आपल्या नावाचा अर्थ कळला तो शाळेत. आमच्याकडं तो शब्द इतका रोजचा की त्याचा अर्थ कुणाच्या कानावर पडत नसे. तिच्या वर्गावर नव्या बाई आल्या होत्या, पुण्याकडच्या. त्यांनी हजेरी घेताना सहज विचारलं, अगं, कुणाला नकोशी झालीस तू? त्यांच्या मनात काही वाकडं नसेल. पण ती घरी आली ती दप्तर न ठेवता चुलीपुढे उभी राहिली. "आये, मी नको होते व्हय गं?" आईनं भाकरी तव्यावर टाकली आणि उलटायची विसरली. तिचे डोळे भरून आले होते. आज्जी दाराशी बसली होती, ती बाहेर बघत राहिली. मग ती माझ्याकडे वळली, "आक्का, मला आत्याकडं ने."

चाळीतल्या एक बाई गुरुवारी मठात दर्शनाला निघाल्या होत्या, त्यांच्या सोबतीनं आम्ही दोघी गेलो. दुकानाच्या फळीवर आत्यानं तिला बसवलं, हातावर खडीसाखर ठेवली. तिनं ती खाल्ली नाही. "माझ्या नावाचा अर्थ सांग," म्हणाली. मला वाटलं होतं आत्या काहीतरी गोड जोडून सांगेल. तिनं तसं केलं नाही.

"नको असलेली," आत्या म्हणाली. "तुझ्या आज्जीला भ्या वाटत होतं, म्हनून तिनं ठेवलं. पोरगी आवडत न्हवती म्हनून न्हवं. भ्यालेली मानसं असली नावं ठेवत्यात. हितं कल्लव्वा हाय, तिच्या आईला बी भ्या वाटत होतं. साकव्वाच्या बी." मग एकेकीच्या गोष्टी झाल्या. दोन्ही धोंडींच्या, तिप्पव्वाच्या, कचराबीच्या. पोरगी डोळे मोठे करून ऐकत होती आणि कधी खडीसाखर तोंडात गेली ते तिचं तिलाच कळलं नाही. शेवटी तिनं विचारलं, "हौशीला हौसेनं ठेवलं, मग मला हौसेनं कुनीच न्हाय ठेवलं?"

"ठेवलं की. म्या ठेवलं. बाराव्या दिवशी तुझ्या कानात सांगितलं हुतं. नंतर सांगितलं तवा तू नको म्हनलीस."

"मी बारीक हुते तवा," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "ते नाव हाय का अजून?"

"दुसऱ्या कुनाला दिलं न्हाय," आत्या म्हणाली. एवढं म्हणून ती उगीचच नारळ पुसायला लागली.

त्या दिवसापासून आवडीनं एक केलं. नकुशी म्हणून हाक आली की वळून बघायचं नाही. रडणं नाही, भांडण नाही, उलट उत्तर नाही. नुसतं ऐकू न आल्यासारखं करायचं. आई पहिल्याच दिवशी शिकली, तीही चोरून खूशच होती असं मला वाटतं. आप्पा एकदोनदा रागावले, मग एकदा कामावरून येऊन दमलेल्या आवाजात म्हणाले, "आवडे, पायतानं ठेव गं," आणि झालं. सिद्रामला तर नवा खेळच मिळाला. राहिली आज्जी. ती नकुशे म्हणून हाक मारायची, आवडी जागची हलायची नाही, मग आमच्यापैकी कुणीतरी उठून काम करायचं. दोघी एकाच पिठाच्या.

उन्हाळ्यात एके दुपारी घरात त्या दोघीच होत्या आणि मी भिंतीशी टेकून अभ्यास करत होते. सोलापूरचं ऊन, पत्रे तापलेले. आज्जी पडून होती. "नकुशे, पानी दे." आवडी पाठमोरी, सागरगोटे खेळत. "नकुशे." सागरगोटा वर गेला, खाली आला. मी उठणार होते, तर आज्जीनं हातानं मला बस म्हणून खुणावलं. आज्जीला पाणी हवं होतं आणि ते स्वतः उठून घेण्याइतकी ताकद तिच्यात होती, पण ती उठली नाही... मग अगदी हळू, सवय नसलेल्या तोंडानं ती म्हणाली, "आवडे... पानी दे की गं."

आवडी उठली. तांब्या भरला, वर भांडं झाकलं, आणि आज्जीच्या पुढ्यात नेऊन ठेवला. आज्जी पाणी प्याली, तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आप्पाला सांग, औंदा पंचमीला तानीला आनाय जा म्हनावं."

त्या पंचमीला आत्या आली. मायलेकी एकमेकींशी काय बोलतील म्हणून आम्ही सगळ्या श्वास धरून बसलो होतो. आज्जी म्हणाली, "बस हितं. केस बघ कसं झाल्यात," आणि तेलाची वाटी घेऊन तिच्या पाठीमागं बसली. तुझं बरोबर, माझं चुकलं, यातलं काही झालं नाही. पुढं दरवर्षी आत्या यायची, दरवर्षी आज्जी तिच्या केसाला तेल लावायची, आणि त्या बारशाचं नाव दोघींनीही कधी काढलं नाही.

नंतरच्या वर्षांत नावांचा वाराच बदलला. मी मास्तरीण झाले तेव्हा माझ्या वर्गात काश्या आणि भाग्या कमी आणि सुधा, लता, विमला, शारदा जास्त. मी आत्याला सांगायची. मला वाटायचं, ई गेली म्हणून ती हळहळेल. तसली हळहळ तिच्या स्वभावातच नव्हती. तिनं दोन पंचम्या विचार केला आणि मला सांगितलं, "आता पोरी रानात न्हाईत, बाकावर बसत्यात. बाई म्होरं असती. लांब हाक मारायचीच न्हाय, तर ई कशाला लागती? तोंड उघडलं की झालं, आऽ." आणि तिनं माझ्या वर्गातल्या सगळ्या मुलींची नावं मला पुन्हा एकदा म्हणायला लावली. मी हजेरी घ्यावी तशी म्हटली आणि ती डोळे मिटून ऐकत राहिली.

अशी ही माझी आत्या. तिला लिहिता वाचता येत नव्हतं, सोलापूर आणि अक्कलकोट यांपलीकडे ती फारशी गेली नाही, पण तिच्या दुकानाशी उभी राहिलेली एकही पोर तिच्या लेखी नुसती पोर नव्हती. तिच्या जाण्यानं मला फार एकटं वाटतं आहे. आवडी कुर्डुवाडीला दिली आहे, नवरा रेल्वेच्या कारखान्यात. पहिलटकरीण म्हणून ती आमच्याकडेच आलेली होती, दिवस भरत आले होते, म्हणून तिला अक्कलकोटला नेता आलं नाही. आज्जीलाही नेववलं नाही. लेक गेल्याचं सांगितलं तेव्हा आज्जी इतकंच म्हणाली, "माझ्या आदी गेली," आणि भिंतीकडे तोंड करून पडली. रडली नाही. आम्ही तिला रडवायचा प्रयत्न केला, जाणत्या बायकांनीही केला. डोळे कोरडेच.

पुढं थोड्याच दिवसांत आवडीला मुलगी झाली. गेल्या आठवड्यात बारसं केलं. कुर्डुवाडीहून तिची नणंद आली होती. मोकळी, हसरी, चार इयत्ता शिकलेली मुलगी. तिनं उषा हे नाव ठरवून आणलं होतं. पाळणा म्हणून झाला, नणंद वाकली, इतक्यात कोपऱ्यातून आज्जीचा आवाज आला, "थांब पोरी. आदी हिला इचार."

आमच्याकडं बाळाच्या आईला कुणी विचारत नाही. ती डोक्यावरून पदर घेऊन पाळण्याच्या दोरीशी बसते. सगळ्या बायका आज्जीकडे बघायला लागल्या. नणंदेला क्षणभर कळेना, मग तिनं हसून विचारलं, "वैनी, उषा चालंल न्हवं?"

आवडीनं बाळाकडे बघितलं. "चालंल की. लई ग्वाड नाव हाय. पन पोरीनं उद्या दुसरं मागितलं, तर द्यायचं. आत्ताच कबूल करा."

"कबूल," नणंद म्हणाली.

"मी बी कबूल," आज्जी म्हणाली. आणि मग तिनं आवडीचा हात धरला आणि इतक्या दिवसांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. ती मोठमोठ्यानं रडत होती, बारशाच्या घरात, सगळ्या बायकांसमोर. "तानीला सांगायचं ऱ्हाऊनच गेलं गं... तुझं बराबर हुतं म्हनून. ऱ्हाऊनच गेलं माझ्याकडनं." आवडी तिला जवळ घेऊन बसली. कुणी तिला गप्प केलं नाही. नणंद बावरून माझ्याकडे बघत होती, मी तिला मानेनं खूण केली, आणि ती पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात नाव सांगू लागली.